वाचकांचे प्रश्न : घरची गाडी घरीच धुताना

गाडीच्या घरगुती साफसफाईबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी निम्म्याअधिक पत्रांत मूळ कारण एकच सापडलं : घाण पाण्याने सुटायच्या आतच तिच्यावर फडकं फिरतं.

प्रश्न : आमची गाडी काळ्या रंगाची आहे. साखर कारखाना जवळ असल्याने गळीत हंगामात रोज सकाळी गाडीवर काळी राख पडलेली असते. वडील रोज पिवळ्या फडक्याने गाडी कोरडीच पुसतात आणि रविवारी कपड्यांच्या पावडरने धुतात. तीन वर्षांतच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे आलेत. पॉलिश करून घेतलं, दोन महिन्यांत परत जैसे थे. काय चुकतंय? (सांगली)

उत्तर : ओरखडे राखेने पडत नाहीत, ती कोरडी पुसल्याने पडतात. ऊस जमिनीतून सिलिका शोषून घेतो. बॉयलरमध्ये चिपाड जळून जातं, पण सिलिका जळत नाही, ती राखेबरोबर उडते. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. तेव्हा वडील रोज सकाळी बारीक वाळूच रंगावर घासतात असं समजा. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस त्याहून जाड. ओरखडे या थरातच असतात. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याभोवती गोल जाळं दिसतं. बाजारातल्या स्वस्त पॉलिशमधलं तेल आणि सिलिकॉन हे ओरखडे नुसते बुजवतं. आठ-दहा वेळा गाडी धुतली की ते निघून जातं आणि जाळं पुन्हा वर येतं. तुमचं नेमकं हेच झालंय.

रोजचं पुसणं आजपासून बंद करा. राख पडलेली गाडी तशीच चालवली तर काही बिघडत नाही. फक्त पुढच्या काचेवर दोन मग पाणी ओता आणि मगच वायपर चालवा. कव्हर घालत असाल तर धुतलेल्या गाडीवरच घाला. राखेवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि रात्रभर तेच घासकाम करतं.

आता आठवड्याचं धुणं. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशी हवी. चाकं आधी धुवा, त्यांची बादली, ब्रश आणि फडकं वेगळं ठेवा. ब्रेकची काळी भुकटी लोखंडी असते, ती रंगावर जायला नको. मग छतापासून खाली तीन-चार मिनिटं नुसतं पाणी सोडा. त्यानंतर दोन लिटरच्या हातपंपात दीड लिटर पाणी आणि २० ते ३० मिली कार शॅम्पू घालून सगळ्या गाडीवर फवारा, चार मिनिटं थांबा, वाळू देऊ नका आणि पाण्याने उतरवा. राखेचा बराचसा भाग इथेच, हात न लावता जातो. पंप शेतातला असेल तर तणनाशकाचा अजिबात वापरू नका, नवा घ्या.

हाताने धुण्याची पाळी यानंतर येते. दोन बादल्या घ्या, प्रत्येकीत दहा-बारा लिटर पाणी. एकीत शॅम्पू, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. बहुतेकांचं प्रमाण दहा लिटरला २० ते ३० मिलीच्या आसपास असतं. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, पाणी मात्र दुप्पट लागतं. दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात नीट खंगाळायचा, मगच परत शॅम्पूत. क्रम असा : छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग, डिकी आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग. हात गोल नाही, सरळ रेषेत, दाब न देता. मोजा जमिनीवर पडला तर कितीही धुतलात तरी त्या दिवशी तो परत रंगाला लावू नका.

पुसायला ५०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्या. तो पसरून अलगद ओढायचा, चोळायचा नाही. हे टॉवेल कपड्यांबरोबर धुवू नयेत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये. त्याने तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषायचा थांबतो.

कपड्यांची पावडर सोडाच. ती अल्कलीयुक्त असते, वॅक्स उतरवते, रबरी बीडिंग कोरडं करते आणि तिचे न विरघळलेले कण पुन्हा घासतातच. भांड्यांचं लिक्विड पावडरपेक्षा बरं, पण वॅक्स तेही काढतं.

पडलेलं जाळं घालवायचं असेल तर ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरता फिरता डोलतं असं पॉलिशचं यंत्र) आणि बारीक कटाचं पॉलिश लागेल. हाताने चोळून काळ्या रंगावर ते निघत नाही, उलट नवे ओरखडे पडतात. काम देताना रंगाची जाडी मोजायचं यंत्र वापरणाऱ्याकडेच द्या. दर बफिंगला, म्हणजे अशा मशीन-पॉलिशला, क्लिअर कोट थोडा झिजतो आणि तो परत भरून येत नाही. म्हणून आधी धुण्याची पद्धत बदला, हंगाम संपू द्या, मग एकदाच बफिंग करा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. गाडी धुतली की पांढरे ठिपके राहतात, आणि आता तर ते शॅम्पूनेही जात नाहीत. पाणी वाया नको म्हणून आरओ मशीनचं सांडपाणी साठवून त्याने गाडी धुतो. शिवाय द्राक्षबागेशेजारी गाडी उभी असते, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं की निळसर डाग पडतात. (तासगाव)

उत्तर : आरओच्या सांडपाण्याने गाडी धुणं आधी थांबवा. मशीन पाण्यातले क्षार गाळून त्या सांडपाण्यातच सोडतं. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ९०० आहे आणि तीन लिटरमागे एक लिटर पिण्याचं मिळून दोन लिटर बाहेर जातं, तर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस १३०० च्या घरात असतो. म्हणजे ठिपके पाडणारं पाणी तुम्ही आणखी घट्ट करून वापरताय. ते अंगण धुवायला वापरा. गाडीच्या खालच्या पत्र्यालाही नको, क्षार गंजाला हातभार लावतात.

ठिपका तयार होतो तो थेंब वाळताना. पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रंगावर राहतात. आठ-पंधरा दिवसांचा ठिपका व्हिनेगरने निघतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा, फडकं भिजवून ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं नुसतं ठेवा, मग भरपूर पाणी आणि शॅम्पू. उन्हात हे करू नका आणि व्हिनेगर रंगावर वाळू देऊ नका. व्हिनेगरने त्या भागाचं वॅक्सही उतरतं, ते पुन्हा लावावं लागेल. एवढं करूनही ठिपक्याची कड दिसत असेल तर क्षाराने क्लिअर कोट कोरला आहे. तिथे आता कोणतंही द्रावण चालणार नाही, पॉलिशच लागेल. काचेवरच्या जुन्या ठिपक्यांना सीरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने लावतात. ती काचेसाठीच आहे, रंगाला लागू देऊ नका.

बोअरशिवाय पर्याय नसेल तर दोन गोष्टी करा. सगळी गाडी एकदम ओली करू नका. एक बाजू धुवा, लगेच पुसा, मग दुसरी. आणि शेवटची धार गोड्या पाण्याची द्या, पाच-सहा लिटर पुरतं. घरच्या एसीचं ठिबकणारं पाणी यासाठी फार चांगलं. हवेतल्या वाफेचं ते पाणी झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. गाळून कॅनमध्ये साठवा. पावसाचं साठवलेलं पाणीही चालतं. पाइपाचं नोझल काढून धार अगदी हलकी ठेवली आणि छतावरून सोडली तर पाणी थेंब न राहता पदराने खाली घसरतं. पुसायला फार थोडं उरतं.

बोर्डोतला निळेपणा मोरचुदाचा, पण चिकटतो तो चुना. त्यालाही हेच व्हिनेगरचं पाणी लागू पडतं. मात्र फवारणीच्या दिवशीच पाणी मारलंत तर व्हिनेगरची वेळच येत नाही. वाळलेला चुना कोरडा खरवडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कास, बामणोली, महाबळेश्वर या बाजूला वारंवार जाणं होतं. गाडी वरून धुतो, पण गेल्या वर्षी मेकॅनिकने मागच्या मडगार्डच्या कडेला गंज दाखवला. गाडीत कुबट वासही येतो, परफ्यूम लावला तरी जात नाही. (सातारा)

उत्तर : गंज आणि वास, दोन्हींचं कारण अडकलेलं पाणी. जांभ्याची लाल माती चाकावरच्या पोकळीत उडते आणि मडगार्डच्या आत वळलेल्या पत्र्याच्या कडेवर साठते. वरून गाडी चकचकीत दिसते, पण तो ओला थर आत आठवडाभर पत्र्याला चिकटून असतो. रबरी हातमोजा घालून चाकामागून त्या कडेवर बोट फिरवा, बोटाला चिखलाची जाड वळी लागेल. दर फेरीनंतर, शक्यतो त्याच दिवशी, चारही पोकळ्यांत खालून वर पाइपाची धार सोडा आणि खाली येणारं पाणी लाल दिसायचं थांबेपर्यंत सोडत राहा. प्रेशर मशीन असेल तर ४० अंशांचं नोझल लावा, पत्र्यापासून हातभर अंतर ठेवा. बेअरिंगची सीलं, रेडिएटरच्या जाळ्या आणि टायरच्या बाजूच्या भिंती यांवर जवळून मारा करू नका.

मग दारं उघडा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन चपटी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजतं. वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी घालून मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, भोकाच्या कडेचा रंग उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

वासासाठी आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वायपरखालच्या काळ्या जाळीत पानं साठतात. तिथलं पाणी जायची वाट बंद झाली की ते ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. जाळीवर हळूहळू एक मग पाणी ओता. ते पुढच्या चाकामागून खाली पडलं पाहिजे. दुसरी जागा एसीची नळी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि पुढचं डावं कार्पेट ओलं असेल तर नळी तुंबली आहे. हे पाणी स्वच्छ असतं. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, गाडी मेकॅनिककडे न्या.

कार्पेट ओलं असेल तर वरून वाळवून उपयोग नाही, खालचा फेल्ट ओला राहतो. कडेची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली जुनी वर्तमानपत्रं घाला, दर दोन तासांनी बदला आणि पंखा लावा. केबिन फिल्टर वर्षातून एकदा, तुमच्यासारख्या वापराला पावसाळा संपल्यावर बदला. तो धुवून पुन्हा बसवू नका. रोजची एक सवय लावा : घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. आतली गार जाळी वाळते, बुरशीला ओल मिळत नाही. परफ्यूमने फक्त एका वासावर दुसरा चढतो.

धुऊन झाल्यावर गाडी लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका, ओले ब्रेक रात्रभरात चिकटतात. पाच मिनिटं हळू चालवून ब्रेक दाबत या. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

प्रश्न : दसऱ्याला गाडीची पूजा केली. पांढऱ्या बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आता तिथे गुलाबी-पिवळा डाग आहे. साबणाने घासल्यावर आणखी लाल झाला. (वाई)

उत्तर : लाल होणं साहजिक आहे. हळद अल्कलीत लाल होते, आणि साबण अल्कलीयुक्त असतो. पारंपरिक कुंकू असंच हळदीला चुन्याची किंवा क्षाराची जोड देऊन करतात. तेव्हा साबण थांबवा. कार शॅम्पूने धुवा, मग मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी मायक्रोफायबरवर घेऊन डाग टिपत जा, दर वेळी फडक्याची नवी घडी. पिवळी छटा उरली तर काळजी नको. हळदीचा रंग उन्हात उडतो, चार-पाच दिवस गाडी उन्हात लावा. गुलाबी छटा टिकून राहिली तर ती कुंकवातल्या कृत्रिम रंगाची आहे. त्याला बारीक पॉलिशचा हलका हात लागेल.

पुढच्या वर्षी पूजेच्या दोन दिवस आधी गाडीला वॅक्स करा आणि कोरडी हळद लावा, तेलात किंवा पाण्यात कालवलेली नको. त्याहून चांगलं म्हणजे स्वस्तिक काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढा. झेंडूचा हार तारेने बांधलेला असतो. ती तार चालत्या गाडीत रंगाला घासते, म्हणून निघण्यापूर्वी हार काढून आत ठेवा. मिरवणुकीचा गुलाल गाडीवर पडला तर उलटं करायचं : आधी पाणी नाही. कोरडा असतानाच ब्लोअरने किंवा पंख्याच्या वाऱ्याने उडवा, बीडिंगच्या फटींतून मऊ ब्रशने काढा आणि मग भरपूर पाणी. थोड्या पाण्याने त्याचा रंग होतो आणि तो प्लास्टिकमध्ये मुरतो.

प्रश्न : भडंगाची पिशवी मागच्या सीटवर सांडली. कापडी सीटवर तेलकट पिवळे डाग आहेत. (मिरज)

उत्तर : कण आधी व्हॅक्यूमने काढा, हाताने झटकू नका, चुरा शिवणीत जातो. तेलावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर पेरा, अर्धा तास ठेवा आणि व्हॅक्यूम करा. मग एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब टाका, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपा. सीट भिजवू नका. आतल्या फोममध्ये गेलेलं पाणी दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वाळताना डागाभोवती कडं उमटतं. साबण उरू न देता साध्या ओल्या फडक्याने पुन्हा टिपा. तेल निघालं की राहिलेला पिवळेपणा हळदीचा. तो भाग उन्हाकडे येईल अशी गाडी लावा. रेक्झिनची सीट असती तर हे दहा मिनिटांचं काम होतं.

प्रश्न : हेडलाइट पिवळे पडलेत. टूथपेस्टने घासले, महिनाभर बरे दिसले. (कऱ्हाड)

उत्तर : हेडलाइटची 'काच' काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर कारखान्यातच देतात. उन्हाने तो थर मेला की खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्ट वरचा पिवळा पापुद्रा थोडा घासते, पण नवा थर देत नाही, म्हणून महिनाभरच टिकलं.

नीट करायचं तर भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. पाण्याचा पॉलिश पेपर १००० नंबरपासून सुरू करा, मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. पाण्यात शॅम्पूचा एक थेंब टाका आणि कागद सतत ओला ठेवा. पहिल्या कागदाला येणारी पांढुरकी-पिवळी लापशी म्हणजे मेलेला थर. ती निखळ पांढरी येईपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. लोक इथेच घाई करतात आणि शेवटी कडेला पिवळे चट्टे उरतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, एकाला आडवी, पुढच्याला उभी, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा गेल्या का ते दिसतं. ३००० नंतर दिवा दुधाळ दिसेल, घाबरू नका. बारीक कंपाऊंडने तो लख्ख होतो. मग त्याच दिवशी अतिनील संरक्षणाचं कोटिंग लावा, नाहीतर काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होईल, कारण जुना थर तुम्ही पुरता काढलेला आहे. हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर स्प्रे सगळ्यात टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. ते काम योग्य मास्क असलेल्या पेंटरकडे द्या. पिवळेपणा आतून असेल तर यातलं काहीच चालणार नाही.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमची गाडी सीटच्या बैठकीपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही कार्पेट उन्हात वाळवलं, तरी वास राहिला, सीटबेल्ट मागे जाईना आणि वर्षभरात खालून गंज आला. पुन्हा अशी वेळ आली तर साफसफाई कशी करावी? (सांगली)

उत्तर : सगळ्यात आधी गाडी पाण्याबाहेर राहील हे पाहा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. सखल भागात पाणी त्याआधीच शिरतं, म्हणून ४० ची वाट न बघता गाडी उंचावर नेऊन लावा.

तरीही बुडाली तर चावी फिरवू नका, बटणही दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर साध्या विम्यात हा खर्च सहसा नाकारतात. बॅटरीची ऋण तार काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि मगच साफसफाईला हात लावा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर घरी काहीच करू नका.

पुराच्या पाण्यात गटारही असतं. गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खरी आहे.

गाळ ओला असतानाच धुवायचा. नदीचा पोयटा फार बारीक असतो, वाळला की सीटच्या रुळांत आणि कनेक्टरांत घट्ट बसतो. सीट मेकॅनिककडून काढून घ्या. खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे असतात, ते घरी सोडू नयेत. कार्पेट आणि त्याखालचा फेल्ट दोन्ही बाहेर काढा. तुमच्याकडे वास राहिला तो याच फेल्टमुळे. वरचं कार्पेट दोन दिवसांत वाळतं, खालचा फेल्ट महिनाभर ओला राहतो आणि त्याच ओलीने जमिनीचा पत्रा गंजतो. साध्या पाण्याने पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उभं टांगून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. फेल्टला वास राहिलाच तर तो फेकून नवा घाला. जमिनीच्या पत्र्यातली रबरी बुचं काढून आतलं पाणी जाऊ द्या आणि पत्रा हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत ती बसवू नका. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आत वापरू नका, पत्रा गंजतो आणि कापडाचा रंग जातो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, परत जाऊ नये म्हणून चिमटा लावा, सौम्य साबणाने धुवा, वरच्या कडीतला गाळ काढा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. बेल्टचं रीळ स्वतः पाण्याखाली गेलं असेल तर मात्र ते बदलून घ्या. अपघातात ते अडकलं नाही तर बेल्ट असून नसल्यासारखा. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकचं ऑइल तपासल्याशिवाय गाडी सुरू करू नका. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे.

प्रश्न : घरासमोर वड आहे. पक्ष्यांची घाण पुसली तरी खाली खड्ड्यासारखा डाग राहतो. (कोरेगाव)

उत्तर : विष्ठा आम्लधर्मी असते, त्यात उन्हाने तापलेला क्लिअर कोट फुगून मऊ झालेला असतो. संध्याकाळी तो गार होऊन आकसतो आणि वाळलेल्या डागाचा आकार धरतो. म्हणून सकाळची घाण दुपारच्या आत काढा. टिश्यू ओला करून तिच्यावर पाच मिनिटं ठेवा, मग न घासता चिमटीत उचला. वडाच्या फळांचे दिवस असतील तर विष्ठेत बियाही असतात, घासलंत तर ओरखडा पडतो. राहिलेला डाग उथळ असेल तर कडक उन्हात काही वेळा आपोआप सपाट होतो. नाहीतर पॉलिश.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग घ्यावं का? कोटिंगनंतर ओरखडे पडत नाहीत म्हणतात. (इस्लामपूर)

उत्तर : पडतात. कोटिंगचा थर फार पातळ असतो. त्याने पाणी आणि घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, उन्हाचा त्रास थोडा कमी होतो. चुकीचं धुणं त्याने माफ होत नाही, आणि क्षाराच्या पाण्याचे ठिपके कोटिंगवरही बसतात. गाडी नवी असेल, सावलीत उभी राहत असेल आणि तुम्ही ती दोन बादल्यांनी धुणार असाल तर घ्या. नाहीतर त्या पैशांत चांगला शॅम्पू, चार टॉवेल आणि सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) येईल. सीलंट चार-सहा महिने टिकतो, कार्नोबा वॅक्स दीड-दोन महिने. दोन्ही अगदी पातळ लावा. जाड थर वाळत नाही आणि पुसताना पट्टे राहतात.

प्रश्न : घरच्या प्रेशर मशीनने इंजिन धुतलं तर चालेल का? (सातारा)

उत्तर : नको. दाबाचं पाणी कनेक्टरांच्या रबरी सीलांतून आत जातं, आणि बिघाड लगेच नाही, आठ दिवसांनी दिसतो. इंजिन गार असताना ब्रशने धूळ काढा, तेलकट भागावर पातळ केलेला डीग्रीझर फडक्यावर घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड यांना पाणी लागू देऊ नका. सुकी पानं आणि उंदरांनी आणलेला कचरा मात्र दर महिन्याला काढा. कुरतडलेली वायर असेल तर ती याच वेळी नजरेस पडते.

प्रश्न : रात्री समोरून दिवे आले की पुढची काच धूसर दिसते. वायपर नवे आहेत. (फलटण)

उत्तर : काचेवर तेलाचा पापुद्रा आहे : डिझेलचा धूर, रस्त्यावरचं डांबर, आणि आतल्या बाजूने डॅशबोर्डच्या चमकवणाऱ्या पॉलिशची वाफ. बाहेरून काच शॅम्पूने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. बाहेर आडवं पुसा, आत उभं. पट्टा राहिला तर तो कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं. वायपरच्या रबराची कडही त्याच फडक्याने, काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. काचेवर पाणी ओतून पाहा. ते सलग पसरलं तर पापुद्रा गेला, मध्येच तुटून बेटं झाली तर पुन्हा एकदा पुसा. डॅशबोर्डला चमक आणणारं सिलिकॉन पॉलिश मात्र बंद करा, नाहीतर महिनाभरात काच आतून परत तशीच होईल.